नवरामुलगा सातव्या वर्कस्पेसवर

पुण्यातल्या एका कंपनीचं काम मी कोल्हापुरात घरी बसून करतो. गडमुडशिंगीच्या रस्त्याला आमचं घर आहे, त्यातली मागची खोली म्हणजे माझं ऑफिस. दोनेक वर्षांपूर्वी एका सहकाऱ्यानं मला सांगितलं, की माउस वापरणारा माणूस आयुष्यातले कित्येक तास नुसता हात हलवण्यात घालवतो. मला ते इतकं पटलं, की ते तास वाचवायला मी पुढचे तीन महिने घालवले.

त्यानं मला टायलिंग विंडो मॅनेजर नावाचा प्रकार दिला. साध्या कॉम्प्युटरवर खिडक्या एकमेकींवर पडतात. इथं तसं चालत नाही. पहिली खिडकी उघडली की ती अख्खा पडदा घेते. दुसरी आली की दोघींना निम्मा-निम्मा. तिसरी आली की परत वाटणी. कुणी कुणाला झाकत नाही. शिवाय या पडद्यामागं आणखी पडदे असतात, त्यांना वर्कस्पेस म्हणतात. माझ्याकडं नऊ होते. एक ठरावीक बटण आणि आकडा दाबला की तुम्ही त्या नंबरच्या वर्कस्पेसवर जाता. त्याच्याबरोबर शिफ्ट दाबलं, तर तुम्ही जागेवरच राहता आणि समोरची खिडकी तिकडं जाते. हा फरक मी घरच्यांना जेवताना समजावून सांगायचो. आई तेवढ्यात आमटी वाढायची.

वडील जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेत. एकदा ते माझ्यामागं उभे राहून पडदा बघत होते.

"ह्या दोन खिडक्यांमधी ही पट्टी कशाला सोडलीयास?"

"तिला गॅप म्हणतात, आण्णा. दिसायला बरं वाटतं."

"मग बांध म्हण की. काय पिकतंय का त्यात?"

"नाही."

"मग पडीक हाय," एवढं बोलून ते भाजी आणायला गेले. मी गॅप आणखी दोन पिक्सेलनं वाढवली.

माझी धाकटी बहीण दुधाच्या प्रयोगशाळेत काम करते. सकाळी सहाला स्कूटर काढते, दिवसभर दुधातली फॅट तपासते आणि संध्याकाळी घरी येऊन कुणाच्याही बोलण्यातली तपासते. त्या वर्षी तिला स्थळं बघायला सुरुवात झाली होती. कोडोलीच्या मामांनी हुपरीचं एक स्थळ आणलं. घरातच चांदीचे पैंजण घडवणारं कुटुंब, मुलगा मात्र बेंगळुरूला माझ्यासारखाच सॉफ्टवेअरमध्ये. त्याला रजा मिळत नव्हती. मग ठरलं असं, की आईवडील रविवारी अकरा वाजता आमच्याकडं येतील आणि मुलगा व्हिडिओ कॉलवर.

"फोन लाव, दादा," बहीण म्हणाली. "फोनवर एकच माणूस दिसतोय. मला तेवढाच बघायचाय."

पण मी ऐकणार कसा? लॅपटॉप टीव्हीला जोडायचा, डावीकडं मुलगा, उजवीकडं त्याची माहिती, खाली मामांना हवा म्हणून मुलाच्या हुपरीतल्या घराचा नकाशा. लेआउट मी शनिवारीच बसवून ठेवला. स्वतःच समोर बसून दोनदा तालीमही घेतली.

रविवारी पावणं वेळेवर आलं. मुलाची आई ठसठशीत, मोकळ्या आवाजाची. वडील कमी बोलणारे. बसल्या बसल्या त्यांनी माझ्या आईच्या पायातले पैंजण बघितले आणि मान डोलावली, पण पैंजण घडवणाऱ्या माणसाला ते पसंत होते की नाही कळलं नाही. पोहे झाले. मी कॉल लावला. मुलगा टीव्हीवर आला. चेहरा चांगला, हसरा, पण वाटणीत त्याच्या वाट्याला फारच अरुंद पट्टी आली होती. एक कान नकाशाखाली गेल्यासारखा दिसत होता.

"पोरगा वाळलाय काय ओ?" मामांनी विचारलं.

"वाळला न्हाय, ह्यांनी दाबलाय," मुलाची आई म्हणाली.

त्याला पूर्ण पडदा द्यावा म्हणून मी घाईनं बटणं दाबली. बोट घसरलं, शिफ्ट दाबलं गेलं, वर कुठला तरी आकडाही. मुलगा टीव्हीवरून नाहीसा झाला. राहिला नकाशा आणि त्याची जन्मतारीख. आवाज मात्र येतच होता, "हॅलो? मी दिसतोय का?"

"आरं, पावणं गेलं कुठं?" मामा उठून टीव्हीमागं बघायला लागले.

"दुसऱ्या वर्कस्पेसवर गेलेत," मी म्हणालो. "आत्ता आणतो."

पण कुठल्या, ते मलाच माहीत नव्हतं. एकेक उघडून बघण्याशिवाय इलाज नव्हता, आणि जे मी उघडत होतो ते बेचाळीस इंची टीव्हीवर सगळ्यांना दिसत होतं. दोनवर ऑफिसचं काम. तीनवर त्याच ऑफिसला कंटाळून दुसरीकडं पाठवायचा अर्ज. चारवर केसगळती थांबवायचे घरगुती उपाय. आईनं कपाळाला हात लावला. पाच रिकामं होतं; मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

सहावर तक्ता होता.

बहिणीसाठी आलेल्या सगळ्या स्थळांचा मी तक्ता केला होता. शिक्षण, उंची, पगार, शेती, केस, एकूण गुण, दहापैकी, शेरा, वगैरे. आतली बातमी अशी, की हा तक्ता मी कामाच्या वेळात केला होता आणि त्याचा मला अभिमान होता. हुपरीचा मुलगा तिसरा होता. शेऱ्यात लिहिलं होतं, 'केस कमी. पण चालेल.'

खोलीत कुणी बोलेना. टीव्हीतून मुलगा म्हणत होता, "तुमचा आवाज येत नाहीये."

"सहाच?" मुलाची आई म्हणाली. "धा पैकी सहाच दिलं?"

मुलाच्या वडिलांनी चष्मा लावला आणि तक्ता शांतपणे वाचून काढला. "ह्यो पयला कोन?" त्यांनी विचारलं.

आण्णा माझ्याकडं अशा नजरेनं बघत होते, जणू मोजणीत चूक सापडली आणि चूक करणारा स्वतःचाच मुलगा निघाला. मी घाईनं सात दाबलं आणि मुलगा पूर्ण पडदाभर प्रकट झाला, दोन्ही कानांसकट. त्यानं काहीच बघितलं नव्हतं.

"सॉरी हं," मी म्हणालो, "चुकून तुम्हाला दुसऱ्या वर्कस्पेसवर टाकलं."

त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे तुम्ही टायलिंग वापरता?"

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण गेलं वर्षभर मला हा प्रश्न विचारणारा माणूस भेटला नव्हता. मी व्हय म्हणालो. त्यानं विचारलं, खिडक्या उभ्या वाटता की आडव्या? मी म्हणालो, एक मोठी डावीकडं आणि बाकीच्या उजवीकडं. तो म्हणाला, मीही आधी तसंच करायचो, पण आता टॅब लावतो, सगळ्या एकीमागं एक. मी म्हणालो, मग टायलिंगचा उपयोग काय? तो म्हणाला, तुम्हाला अजून पटलेलं दिसत नाही. आम्ही दोघं हसलो. खोलीत बाकी कुणी हसलं नाही.

बहीण पुढं सरकली. "एक विचारू?" ती टीव्हीकडं बघून म्हणाली. "मी इथली नोकरी सोडणार न्हाय. तुम्ही इकडं यायचा विचार कराल का?"

"एक मिनिट हं," मुलगा तिला म्हणाला आणि मला म्हणाला, "तुम्ही वर्कस्पेसना आकडे देता की नावं?"

"आकडे," मी म्हणालो. अजून आठवलं की कान गरम होतात.

बहिणीनं एक मिनिट वाट बघितली. खरंच एक मिनिट. ती प्रयोगशाळेतली आहे, तिला मिनिट कळतं. मग ती उठून मुलाच्या आईजवळ जाऊन बसली आणि हळूच म्हणाली,

"काकू, राग मानू नका. तुमचा मुलगा वाईट न्हाय. पण मला हे जमणार न्हाय."

"मला कशाचा राग, बाई?" मुलाची आई म्हणाली. "घरी आला तरी जेवताना असंच बोलतोय. मला वाटलं, लग्न झाल्यावर सुधारंल."

"आमच्याकडं बी एक हाय," आई म्हणाली. दोघी एकमेकींकडं बघून हसल्या आणि चहाला आत गेल्या. मामांनी मुलाच्या वडिलांना घरामागच्या परड्यातली म्हैस दाखवायला नेलं. खोलीत आम्ही तिघं उरलो, मी, बहीण आणि टीव्हीवरचा मुलगा, आणि त्याला अजून पत्ता नव्हता की त्याला नकार आलाय. नकार त्याला मीच सांगितला. तो म्हणाला, "त्यांनी काहीतरी विचारलं होतं ना? काय होतं?" पण बहीण तोवर उठून गेली होती.

संध्याकाळी मी तिच्याजवळ गेलो. ती गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. मी म्हणालो, तक्त्याबद्दल माफ कर, पावण्यांसमोर नको ते दिसलं.

"केसांचं सोड," ती म्हणाली. "शेवटचा रकाना वाचलास?"

मी आठवून बघितलं. शेवटच्या रकान्याला मी नाव दिलं होतं, 'हिला विचारणे'. नऊ स्थळं होती. रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता.

तिनं कपड्यांचा ढीग माझ्या हातात दिला आणि आत गेली. मी तो तक्ता पुसून टाकला. त्यानं काही भरून आलं असं मला वाटत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं, जनावरांच्या एका डॉक्टरशी. दुधाच्या नमुन्यांवरून दोघांचं आधी फोनवर भांडण झालं होतं, मग रंकाळ्यावर भेट झाली, मग आणखी दोन-चार भेटी. घरात सगळ्यांना माहीत होतं, मामांनासुद्धा. मला कळलं ते साखरपुड्याची तारीख ठरल्यावर, तेही आईनं हॉलमधल्या खुर्च्या मोजायला सांगितल्या म्हणून.