धवलेरीच्या पोरीचं लॅटिन

रूपी माझी नणंद. पळून जाण्यात तिचा हात कोणी धरला नसता. पण बिचारी जिथे पोचायची, तिथे तिच्या आधी लॅटिन येऊन बसलेलं असायचं.

पळायचं होतं तिला आईपासून, म्हणजे माझ्या सासूपासून. सासू शुक्री ही कैनाडच्या आमच्या पाड्याची धवलेरी. आम्हा वारल्यांत धवलेरीने गाणं म्हटल्याशिवाय लग्न लागत नाही. गाणं लांबलचक, आणि त्यातले अर्धे शब्द इतके जुने की सासूलाही कळत नाहीत. तिने ते आपल्या सासूकडून घेतलं, ते रूपीने घ्यावं एवढाच तिचा हट्ट. रूपी लहानपणी विचारायची, "आये, याचा अर्थ काय?" सासू म्हणायची, "अर्थ नको इचारू. चाल धर."

रूपीला याची भारी चीड. जे कळत नाही ते पाठ करायचं नाही, म्हणून ती शिकायला निघाली. २०१४ साली डहाणूला अकरावी सायन्स घेतलं आणि पहिल्याच महिन्यात तोंड पाडून घरी आली. दारातल्या पळसाचं नाव म्हणे ब्युटिया मोनोस्पर्मा. सागाचं टेक्टोना ग्रँडिस. लोखंडाची खूण एफई, कारण रोमन लोक त्याला फेरम म्हणायचे. आपल्यालाही सोडलेलं नाही, आपण होमो सेपियन्स. आणि ही लॅटिन भाषा घरात बोलणारं माणूस आज जगात कुठेच नाही, असं सरांनीच सांगितलं होतं. मग शिकायची कशाला? तर परीक्षेला येते म्हणून.

बारावीला बायोलॉजीने तिला आपटलं. मग आर्ट्सला गेली. तिथे अर्थशास्त्रात ‘बाकी सगळं तसंच राहिलं तर’ याला सेटेरिस पॅरिबस, राज्यशास्त्रात हेबियस कॉर्पस. हा दुसरा मात्र तिला आवडला. बेकायदा कोंडून ठेवलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा, असा तो हुकूम.

"वयनी, माझ्यासाठी कोण काढील गो असा हुकूम?" ती म्हणाली. मी हसले. तेव्हा हसू यायचं.

आर्ट्समधून पास झाली आणि पालघरला नर्सिंगला लागली. तिथे तर लॅटिनने घरच केलेलं. औषध दिवसातून दोनदा म्हणजे बीडी, तीनदा म्हणजे टीडीएस, आणि अंगातल्या हाडाहाडाला नाव. हाडांच्या पेपरात ती नापास झाली. मी चिडवलं, "पळसाला पानं तीनच, कुठेही जा." ती म्हणाली, "आणि त्या पानांचं नाव पण लॅटिन." मग रडायलाच लागली. पुन्हा नापास झाली तर शिक्षण संपलं, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

त्याच वर्षी, दिवाळीनंतर, सासूचा गळा गेला. दवाखाने झाले, भगत झाला. नुसती हवा बाहेर यायची, आवाज नाही. लग्नसराई तोंडावर, आणि पाड्यात धवलेरी नाही. लहान्या नावाचा पाड्याचा जाणता म्हातारा आमच्या ओसरीवर येऊन बसला.

"गाणं रूपीच्या कानात हाय," तो म्हणाला. "आईच्या मांडीवर ऐकलेलं जात नाय. पण धवलेरी सवाशीण पायजे. यंदा तिचं लगीन लावून टाका, इथल्याच पोराशी. तिकडे तशी पण नापासच हाय ना?"

रूपी भिंतीला टेकून उभी होती. सासू तिच्याकडे बघत होती. डोळ्यांत आशा अशी की बघवेना. पोर सगळीकडून कोंडीत सापडली होती.

आणि मी बोलून गेले, "मी सवाशीणच हाय ना? मला शिकवा."

थोर मनाने वगैरे नाही, मला नुसता लहान्याचा संताप आला होता. मी आणि माझा नवरा नविन, आम्ही चारोटीला हायवेलगत खानावळ टाकणार होतो. जागा बघून झाली होती. लग्नसराईत धवलेरीला पाडा सोडता येत नाही, हे मला माहीत नव्हतं थोडंच! त्याच संध्याकाळी नविन एकटाच जाऊन जागेवाल्याला नाही सांगून आला.

मग सुरू झाली आमची शाळा. फेरपरीक्षेपर्यंत रूपी घरीच होती. धवलेरीच्या गाण्याची रीत अशी, की एकीने ओळ टाकायची, दुसरीने झेलायची. मी चुलीपुढे भाकऱ्या थापायची, रूपी ओळ टाकायची, मी झेलायची. गाण्याची झाली की त्याच चालीवर हाडांची. फिमर, पटेला, टिबिया, फिब्युला. माझ्याच मांडीवर, गुडघ्यावर, नडगीवर बोट ठेवत जायची. भर लग्नात माझ्या तोंडून नवरीच्या गुडघ्याची वाटी निघेल, अशी मला धास्ती. सासू कोपऱ्यातून ओठ हलवत राहायची. मला वाटतं, हाडंही तिला पाठ झाली होती.

हाडं गाण्यापेक्षा कमी. ती आधी संपली. रूपी पास झाली. निकालाच्या दिवशी माझ्या गळ्यात पडली, आणि दुसऱ्या सकाळी पालघरला निघून गेली. माझं गाणं निम्मंच झालं होतं.

उरलेलं फोनवर. फाल्गुनात लहान्याच्या पुतण्याचं लग्न होतं. त्याच्या आदल्या दिवशी मी अंगणात फोन धरून बसले होते, शेजारी सासू. एका ओळीवर माझी जीभ अडायची ती अडायचीच.

"याचा अर्थ तरी सांग गो रूपी," मी वैतागून म्हटलं. "मंजे ध्यानात तरी राहील."

ती पलीकडून म्हणाली,

"अर्थ नको इचारू वयनी. चाल धर."

हुबेहूब सासूचा आवाज. सासूने मान वर केली आणि पदर डोळ्यांना लावला. मला रूपीचा राग आला, जीव तुटला, दोन्ही एकदम झालं.

"रूपी, तो कोर्टाचा हुकूम," मी म्हटलं, "माणसाला बाहेर काढायचा... तो मला लागू होतो काय गो?"

तिने पुढची ओळ टाकली, आणि मी ती झेलली.