खव्याचे पेढे आणि माझा अंगठा

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. लग्न होऊन जेमतेम चार महिने झाले होते आणि मी खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत नवी सून म्हणून राहत होते. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, घरी खव्याचे पेढे करून द्यायच्या. कॉलनीत कुठे बारसं असो की प्रमोशन, पेढे त्यांचेच...

त्या मे महिन्यात एका बारशाची ऑर्डर आली. शंभर पेढे होते, संध्याकाळी वळायला बसलो. माझ्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं, नखाच्या कडेला पू धरला होता. त्यावर बांधलेली चिंधी ओली झाली म्हणून मी ती काढून टाकली आणि तशीच वळत राहिले.

आईंना सांगितलं नाही. नवी सून कामाला टाळाटाळ करते, असं वाटायला नको... एवढीच भीती होती. पेढे डब्यात भरले आणि रात्रभर त्या उकाड्यात तसेच राहिले.

सकाळी बारशाच्या घरी आणि त्यांनी सांगितलेल्या आणखी दोन घरी डबे पोचते झाले. मामंजींनी चहाबरोबर दोन पेढे खाल्ले आणि अकराच्या सुमारास त्यांना उलट्या सुरू झाल्या. घरात बाकी कुणी पेढे खाल्ले नव्हते. आईंनी एकदा मामंजींकडे पाहिलं, एकदा डब्याकडे, आणि चपला घातल्या.

मी म्हटलं, "आई, दुसरं काही बाधलं असेल..."

"असंन. पण कोनाच्या लेकराले काही झालं तं?" त्या म्हणाल्या आणि निघाल्या. मामंजींजवळ हे थांबले, मी आईंच्या मागे धावले.

भर उन्हात आम्ही दारोदार फिरलो. "पेढे खाऊ नोका वं, खराब झाले. वापस द्या," प्रत्येक दारात हेच. एकीने विचारलं, "काहून, काय झालं?" मामंजींना उलट्या झाल्याचं आईंनी लपवलं नाही. शेजारणी दारात येऊन ऐकत होत्या.

तिसऱ्या घरी पोचायला उशीर झाला होता. कुंदाताईंच्या पाच वर्षांच्या मिनूने सकाळीच चार पेढे खाल्ले होते. पोर ओकून ओकून गळून गेली होती, डोळे उघडत नव्हती.

प्लांटची जीप मिळाली. नागपूरला धंतोलीच्या एका दवाखान्यात पोचेपर्यंत मिनूचं डोकं कुंदाताईंच्या मांडीवर होतं... आईंच्या मांडीवर मिनूचे पाय होते.

सलाईन लावल्यावर डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, जखमेतल्या पुवातले जंतू खव्यात गेले की उन्हाळ्यात असं होतं. मग विचारलं, "पेढे वळणाऱ्यांपैकी कुणाच्या हाताला काही झालंय का?"

मी हात पदराखाली घेतला.

आईंनी ते पाहिलं. क्षणभरच. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, "माह्याच बोटाले नखुरडं होतं. मले समजलं नाही, साहेब." आणि स्वतःची धडधाकट बोटं मुठीत मिटून घेतली.

कुंदाताई तेवढंच म्हणाल्या, "लाज नाही वाटली, काकू?"

मामंजी संध्याकाळपर्यंत सावरले. मिनू तिसऱ्या दिवशी घरी आली. पण पेढे कायमचे बंद झाले. हळदीकुंकवाला आमच्या घरी बायका यायच्या, वाटली डाळ मात्र हातात घेऊन तशीच बाहेर न्यायच्या. आई सगळं बघायच्या... भांडी आवरायच्या.

मला त्या एकदाही टाकून बोलल्या नाहीत. त्या रात्री फक्त माझ्या अंगठ्याला हळद लावून दिली आणि म्हणाल्या, "सांगायचं होतं वं मले. मी काय खाल्लं असतं तुले?"

पुढे बारा वर्षांनी त्या गेल्या. भेटायला आलेली कॉलनीतली एक बाई माझ्याशेजारी बसून हळूच म्हणाली, "तेवढं पेढ्यांचं सोडलं, तर बाई फार चांगल्या होत्या हो."

मी मान हलवली. तेव्हाही गप्पच राहिले... त्याची लाज मला त्या पेढ्यांपेक्षा जास्त वाटते.

कॉलनीतल्या त्या वेळच्या काही मैत्रिणी इथे या ग्रुपवर आहेत, म्हणून लिहिलं. वाचा, आणि ज्यांना ज्यांना आई आठवतात त्यांना सांगा... चूक त्यांची नव्हती.