सुधाला ते झाड बघायचं होतं

सहा आठवड्यांपूर्वी सकाळी सात वाजता रुबीनाचा फोन आला. रुबीना म्हणजे इंदिरानगरला सुधाच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते ती. "आजी, मॅडम दार उघडत नाहीयेत. दुधाची पिशवी कडीला तशीच लटकतेय." मी रिक्षाने पोचेपर्यंत चावीवाल्याने दार उघडलं होतं. सुधा नेहमीसारखी कुशीवर झोपली होती... ईरा, निखिल, तुमच्या परीक्षा चालू होत्या, म्हणून तेव्हा फोनवर थोडक्यात सांगितलं. आता नीट लिहिते.

सुधा तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, तुमची आत्याआजी. लग्न केलं नाही. सटाण्याच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. अशोकाच्या धड्यात ती दर वर्षी सांगायची, सम्राटाने आपल्या मुलीला, संघमित्रेला, बोधिवृक्षाची फांदी देऊन श्रीलंकेला पाठवलं आणि अनुराधापूरला ते झाड अजून उभं आहे. "तीस वर्षं मुलांना झाड सांगितलं वहिनी, आणि मी स्वतः विमानात पाऊल ठेवलेलं नाही," असं ती हसत म्हणायची. आजोबा गेल्यानंतरच्या वर्षी मीच म्हटलं, चल, जाऊ या.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मी वही केली. दिवसांचे रकाने आखले, औषधांची यादी केली, कोलंबोहून अनुराधापूरला किती तास, कँडीत मुक्काम कुठे, सगळं लिहिलं. सुधा जेवणाच्या टेबलाशी शेंगा फोडत बसायची. "तू अशोकाच्या दरबारात असतीस ना, तर संघमित्रेला आधी व्हिसाच्या रांगेत उभं केलं असतंस. फांदी वाळून गेली असती."

"वाळली नसती. ओला टॉवेल मी यादीत लिहिला असता," मी म्हटलं. सुधाला हसताना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

सीगिरियाचा खडक सहलीत मी घातला. एका राजाने उंच कातळावर बांधलेला राजवाडा, वर जायला हजारावर पायऱ्या. मी बहात्तर, ती अडुसष्ट, म्हणून सराव हवा. दर गुरुवारी सकाळी पांडवलेणी चढायची, असं ठरवलं. मी सरळ चढत जायचे. सुधा वीस-पंचवीस पायऱ्यांवर थांबायची, सहलीच्या मुलांना गाठून लेणी कुणी खोदली, दान कुणी दिलं ते सांगायची. एका गुरुवारी वाटेत कुणीच नव्हतं, तर एका कुत्र्यासमोर उभी राहून सातवाहनांबद्दल बोलली. मी वरून घड्याळ बघत होते. वहीत लिहिलं, 'सुधाच्या गप्पांमुळे बारा मिनिटं उशीर.'

शेवटच्या गुरुवारी ती निम्म्यावरच बसली. खाली महामार्गावरून ट्रक जात होते. "वहिनी, असं करू या का... खडक तू चढ. मी खाली बसून तुझी पर्स सांभाळीन. मला झाड दाखव, झालं."

"इतक्या लांब जाऊन अर्धवट बघायचं नाही, सुधा. जमत नसेल तर पुढच्या वर्षी जाऊ."

"नको नको, पुढच्या वर्षी नको. चला, कॉन्व्हेंटच्या कडक सिस्टर," म्हणत ती उठली आणि वरपर्यंत आली. तिचे ओठ निळसर दिसले. मला वाटलं, थंडी आहे. मी माझी शाल तिला दिली.

सुधाचे दिवस झाल्यावर रुबीना एक फाइल घेऊन आली. सुधाच्या हृदयाची झडप अरुंद झाली होती. वर्षभरापूर्वीच डॉक्टरांनी जिने चढू नका, ऑपरेशन करून घ्या, असं सांगितलं होतं. रुबीना रडत म्हणाली, "मॅडमनी कसम घातली होती, आजी. म्हणायच्या, वहिनीला कळलं तर ती सगळं कॅन्सल करेल. आधी झाड बघून येते, मग ऑपरेशन."

सुधा मला बरोबर ओळखत होती. मी त्याच दिवशी सगळं रद्द केलं असतं, तिला दवाखान्यात नेलं असतं, आणि कदाचित ती आज असती. पण मला सांगायचं तर झाड गमवावं लागेल, असं तिला का वाटलं, ते मला आता कळतं. झाडापर्यंतची वाट सपाट आहे, शेवटी मोजक्याच पायऱ्या. ही माहिती माझ्या वहीत पहिल्याच पानावर होती, माझ्याच अक्षरात. त्या पायरीवर ती तेवढंच तर मागत होती.

तुमचे बाबा म्हणतात, एकटी जाऊ नकोस. मी जाणार आहे. खडक काढून टाकला आहे. काल अनुराधापूरचं पान नव्याने लिहायला घेतलं. त्या दिवशी झाडाशिवाय दुसरं काहीच ठेवलं नाही. किती वाजता पोचायचं, किती वाजता निघायचं, त्या रकान्यांवर पेन धरून बराच वेळ बसले... आणि दोन्ही रकाने तसेच मोकळे सोडले.