खिशातली पावती

ह्यांच्या खिशातला शेवटचा कागद मी तेरा दिवस उलटून पाहिला नाही.

मागची बाजू कोरी निघाली तर?

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं. म्हणून लिहिते.

हे नशिराबादजवळ हायवेवर वजनकाट्याला होते. कापसाच्या, केळीच्या गाड्या तोलायच्या आणि पावती द्यायची. प्रिंट बिघडलेल्या पावत्या हे खिशात ठेवत. गाड्या नसल्या की त्यांच्या मागे गोष्टी लिहीत.

माझी शाळा चौथीत सुटली. पुन्हा वाचायला लागले ती या पावत्यांमुळे.

एका गोष्टीत मीच होते. काट्यावर उभी, आणि आकडा थांबतच नाही.

"अहो, हे काय लिहिलंय?"

"सुमन, काटा खोटं बोलत नाही."

ह्यांना डिप्रेशन होतं. गोळ्या चालू होत्या. आमच्याकडे कुणी असं बोलत नाही, "जरा टेन्शन आहे" म्हणतात. मीही तेच म्हणायचे.

दहा वर्षांपूर्वी एका पावतीवर वाचलं. एक माणूस नदीकाठी चपला काढून ठेवतो आणि मागे वळून बघत नाही. एवढंच.

मी नरडाण्याला ह्यांच्या थोरल्या भावाला, नानांना फोन केला.

नाना आले ते तापलेलेच. "लिखी लिखीसन डोकं फिरी गयं त्यानं. बठ्ठा कागद चुल्हामा टाक!"

मी सगळे कागद चुलीत टाकले. घरातले पेनही लपवले.

हे कामावर जात होते, येत होते. ताटात अर्धं जेवण तसंच. संध्याकाळी ह्यांनी शर्ट काढला की मी खिसा तपासायची.

पावती कोरी.

दुसऱ्या दिवशी, कोरी.

आठ दिवस.

नवव्या दिवशी हाताला धरून जळगावला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर माझ्यावर चिडले नाहीत, पण बोलले स्पष्ट. "ताई, लिहिण्यामुळे आजार झालेला नाही. आणि नुसतं लिहून तो बराही होणार नाही. गोळ्या चुकवू नका, कागद-पेन परत द्या. आणि भीती वाटली तर खिसा कशाला तपासता? त्यांनाच विचारा. विचारल्यानं वाईट होत नाही."

परतीच्या एसटीत बसलो आणि मी विचारलंच.

"अहो, जीव द्यायचं मनात येतं का?"

पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली.

हे खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "येतं. लिहिलं की जरा लांब जातं. तू जाळलंस तेव्हा जवळ आलं."

घर येईपर्यंत मी त्यांचा हात सोडला नाही.

त्या दिवशी ह्यांनीच एक ठरवलं. ज्या दिवशी लिहवणार नाही, त्या दिवशी कोरी पावती माझ्या हातात द्यायची. लपवायची नाही. मी "काय झालं" विचारायचं नाही. पायात चपला घालायच्या आणि डॉक्टरांकडे निघायचं.

पुढे चार वेळा ह्यांनी कोरी पावती दिली. चारही वेळा आम्ही निघालो. एकदा तर कणीक तशीच परातीत ठेवून.

गेल्या वर्षी हे काट्यावरच कोसळले. हार्ट.

दवाखान्यातून शर्ट पिशवीत आला. खिशात एक पावती. वरच्या बाजूला गाडीचा नंबर आणि सकाळचे अकरा.

भेटायला येणारे आवाज खाली करून विचारत, "हार्टच ना नक्की?"

"हो," म्हणायचे मी. डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पण पावती कोरी असेल, तर हे आतून बुडत होते आणि मला दिसलं नाही, असं होणार होतं. हार्ट असो नाहीतर काही असो.

तेराव्याला मी ती हातात घेऊन बसलेली नानांनी पाहिली. कागद जाळायला लावणारे तेच नाना.

"माय, देखी ले आते. मी आठेच शे."

नाना शेजारीच बसून राहिले. मी पावती उलटली.

भरलेली होती. ह्यांचं बारीक, तिरकं अक्षर.

"गाडी रिकामी, तरी वजन साठ किलो जास्त. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, काटा बिघडलाय. मी म्हणालो, बायकोला माहेरी सोडून आलास ना? ती अजून"

बहुतेक तेवढ्यात गाडी आली असेल.

मी हसले. घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, मोठ्यानं. नाना डोळे पुसत होते.

तुमच्या घरात कुणी लिहीत असेल तर लिहू द्या. गप्प झालं तर विचारा, आणि चपला घाला.

अहो, पावती मिळाली. आता निवांत राहा.

तुमची सुमन