ब्लँक गुलाबी झाला!

आमच्या सांगलीच्या लॅबमध्ये किस्से सिंकमधल्या बीकरांसारखे साचतात. एक धुवायला घ्यावा, तर खालून आणखी निघतात!

माझं एमएस्सीचं प्रोजेक्ट विहिरीच्या पाण्यातल्या नायट्राइटचं. पाणी गाळायचं, रसायन टाकायचं. नायट्राइट असेल तर गुलाबी रंग चढतो; तो किती वेगानं चढतो, तेही मोजायचं.

*

रंग असा चढतो, की कृष्णेवर उजाडतंय असंच वाटावं. एकदा मी त्यात पार हरवले. मागून आमच्या गाइड मॅडमचा आवाज आला आणि हातातली पिपेटच सुटली!

"उजाडताना बघायचं तर घाटावर जा गं! इथं रीडिंग घे!"

*

कडेगावचे एक काका बाटलीतून विहिरीचं पाणी घेऊन आले. नळी गुलाबी झाली. काका खूश! "आवं म्याडम, सरबतावानी दिसतंय की!"

मी घाबरत सांगितलं, "काका, हे पाणी तान्ह्या बाळाला अजिबात देऊ नका."

काका विचारात पडले. "बाळाला न्हाई देत. पावनं आल्यात, त्यास्नी चालंल न्हवं?"

*

ब्लँक म्हणजे नुसतं शुद्ध पाणी, तसंच गाळलेलं. ते बिनरंगीच राहायला हवं. माझं मात्र गुलाबी व्हायचं! परीक्षा तोंडावर, ब्लँक चुकला की सगळी रीडिंग्ज कचऱ्यात, वर्ष वाया. पाणी बदललं, रसायन बदललं. तरी गुलाबी! मैत्रीण शीतलचा मात्र काचेसारखा स्वच्छ.

"तुझ्या अंगातच नायट्राइट आहे गं!" शीतल म्हणाली.

शेवटी मॅडम शेजारी उभ्या राहिल्या. मी नेहमीसारखं जिभेला बोट लावून गठ्ठ्यातला फिल्टर पेपर सुटा केला.

"थांब! थुंकीत नायट्राइट असतं. इतके दिवस तू स्वतःलाच मोजतेयस!"

*

परीक्षा घ्यायला आलेले सर साताऱ्याचे, भारदस्त. जिभेला बोट लावत माझ्या प्रबंधाची पानं उलटत होते. "ब्लँक मीच करून बघतो," म्हणाले आणि त्याच बोटानं फिल्टर पेपर उचलला.

मी शीतलकडे बघितलं. शीतलनं डोळे मिटले. पाणी थेंबथेंब गळलं, रसायन पडलं. खिडकीतलं ऊन नळीवर आलं आणि आत हळूहळू उजाडायला लागलं...

"हे काय? ब्लँक गुलाबी?" सर कडाडले.

मॅडम एकदम खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी दचकले नाही. कशी कोण जाणे!

"सर, पुन्हा करू या," मी म्हणाले. "फक्त या वेळी पेपर मी काढून देते."