अडैक्कलम वेळारचे घोडे

अडैक्कलम पाच वर्षांचा असताना एका दुपारी घरातून नाहीसा झाला. आईने विहीर पाहिली, तळं पाहिलं, आणि शेवटी गावाबाहेरच्या देवराईत तो सापडला. एका मातीच्या घोड्याच्या पोटाखाली गाढ झोपला होता. करुवेलंगुडी गावाचा राखणदार देव अय्यनार. त्याने रात्री शिवेवर फेरी मारायची, म्हणून गाव त्याला घोडे वाहत आलेलं. पिढ्यान्‌पिढ्यांचे शे-दीडशे घोडे झाडांखाली रांगेने उभे होते. कुणाचं नाक झडलेलं, कुणाच्या पाठीवर पिंपळ उगवलेला. सगळे अडैक्कलमच्याच बापजाद्यांनी घडवलेले. आईने पाठीत धपाटा घातला, तर हा म्हणतो कसा, "त्याला एकट्याला करमत नव्हतं गं!"

वेळारांच्या, म्हणजे कुंभारांच्या, घरात चाक फिरवायला सगळेच शिकतात. अडैक्कलमही शिकला, पण त्याचं लक्ष मडक्यात कधी लागलंच नाही. बाप वेळ्ळैयन वैतागून म्हणायचा, "याच्या घागरीलासुद्धा कान फुटतात!" घोड्याची माती मात्र तो मन लावून तुडवायचा. भाताचा तूस मिसळून, टाचेखाली एक खडा लागेनासा होईपर्यंत. मग चार पाय, चार पोकळ खांबांसारखे. रोज वीतभर चढवायचे, सुकू द्यायचे, मग पुढची वीत. पोट बसवताना घाई केली की सगळं खाली. विसाव्या वर्षी त्याने झोपडीहून उंच घोडा उभा केला, तेव्हा वेळ्ळैयनने माती ठोकायची आपली थापी त्याच्या हातात दिली.

लग्न होऊन पेच्ची घरात आली, तर आतल्या-बाहेरच्या सगळ्या भिंतींवर चुन्याने आणि गेरूने काढलेले घोडेच घोडे. चुलीमागेसुद्धा एक उधळलेला. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "एखादी सवत असती तर सांभाळून घेतली असती. इथे तर अख्खी पागा आहे!"

तिशीत अडैक्कलमला वेगळंच खूळ लागलं. अरंतांगीच्या बाजारात मडकी विकायला गेला की तो टांग्याच्या अड्ड्यावर जाऊन बसायचा. तिथे काजा मैदीन रावुत्तरची बेगम नावाची तांबडी घोडी असे. पहिले दोन बाजार रावुत्तरने नुसतं पाहून घेतलं. तिसऱ्या बाजाराला त्याने विचारलंच, "काय जावईबापू, नुसतं बघताय माझ्या पोरीकडे. मागणी घालायचीय का?"

"मामा, तिचा कान बघतोय. आवाज आला की कसा मागे वळतो! मी आजवर वीस-पंचवीस घोड्यांना कान लावले, सगळे आंब्याच्या पानासारखे ताठ."

तीस वर्षांच्या धंद्यात घोडीच्या कानाबद्दल रावुत्तरला कुणी काही विचारलं नव्हतं. तो असा खूश झाला, की त्याने अडैक्कलमला तिचा जबडा, गुडघा, खांद्याचा उंचवटा, सगळं हाताने चाचपू दिलं. बेगमने त्याचं उपरणं चावलं, एवढाच काय तो विरोध.

त्या वर्षीच्या उत्सवाचा घोडा अडैक्कलमने तसाच घडवला. बारीक पाय, खरी मान, मागे वळलेला कान. भाजून तयार झाल्यावर गाव बघायला आलं. गावप्रमुख चिन्नय्या अंबलम घोड्याभोवती दोन फेऱ्या मारून थांबला. "वेळारा, हात चांगला बसलाय तुझा. पण आमच्या देवाला टांग्यातून पाठवतोस की काय?"

हशा उठला. म्हातारी इरुळायी पुढे झाली. "याला बघून चोर पळायचे नाहीत बाबा. दोन पेंढ्या गवत टाकतील आणि आत शिरतील!"

अडैक्कलम दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी पेच्चीने ताट समोर आपटलं. "जेवा आणि दुसरा करा. त्यांना तुमचा हात नको असं कुठे म्हणाले? देव मोठा आहे, एवढंच म्हणाले ना?"

अंबलमने उत्सव महिनाभर पुढे ढकलला. अडैक्कलमने रागारागातच माती तुडवली आणि बापाच्या मापाचा घोडा उभा केला. मोठाले डोळे, दातांची रांग, खांबासारखे पाय. पण हात एव्हाना शिकलेले होते. मानेत ताण आला, नाकपुड्या फुलल्या, एक कान मागे वळला. उत्सवाच्या दिवशी डोळे रंगवले, वाशांवर चढवून सोळा जणांनी घोडा उचलला, आणि वळणावर तो असा काही पुढे झुकला की कडेला उभी इरुळायी ओरडली, "अगं बाई, लाथ मारतोय मेला!" आणि टुणकन बांधावर चढली. अडैक्कलम देवळापर्यंत हसत गेला.

नाकारलेल्या घोड्याची बातमी अरंतांगीला पोचली, तसा रावुत्तर टांगा घेऊन आला. "ही तर माझी बेगम! डाव्या कानाची चीरसुद्धा सोडली नाहीस रे!" मातीची बेगम खऱ्या बेगमनेच ओढून नेली. तबेल्यात उतरवल्यावर घोडीने तिला हुंगलं, जोरात शिंकली आणि पाठ फिरवली. "बायकांचं असंच असतं," रावुत्तर म्हणाला, "दुसरी देखणी दिसली की झालं."

पुढची चाळीस वर्षं तीस-एक गावांनी अडैक्कलमकडूनच घोडे करवून घेतले. शहरातल्या एका बाईंनी एकदा येऊन विचारलं, "आजोबा, कधी हत्ती करावासा नाही वाटला?" त्याने केलाही. पेच्ची म्हणाली, "सोंड लावलेला घोडा आहे हा."

शहात्तराव्या वर्षी त्याचा उजवा हात लुळा पडला. घडवायचं काम मुलांकडे गेलं, पण रंग त्याने सोडला नाही. डाव्या हाताने कुंचला धरला. पहिल्याच घोड्याच्या ओठाची रेघ घसरली आणि गालावर वर चढली. पुसायला ओली फडकी आणेपर्यंत गल्लीतली पोरं जमली होती. "आजोबा, घोडा हसतोय!"

मुलगा म्हणाला, "अप्पा, नीट करून देतो." तेवढ्यात अंबलमचा नातू तिथे आला, तोच आता गावप्रमुख. त्याने घोड्याकडे पाहिलं आणि त्यालाही हसू फुटलं. "राहू द्या. रात्रभर फेऱ्या मारायच्या त्याला. खुशीत असलेला बरा."

गेल्या वैशाखात शेजारच्या दोन गावांनी निरोप पाठवला, आम्हालाही हसराच हवा. अडैक्कलमला आता ती रेघ मुद्दाम घसरवावी लागते, आणि ते भलतंच अवघड आहे, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो.