लेबल कुठं लावायचं

तिला शेडमध्ये सगळे कानवाली म्हणायचे. पट्ट्यावरून प्लास्टिकचा कचरा वाहत यायचा, बाकीच्या बायका तो डोळ्यांनी निवडायच्या, आणि ही बया प्रत्येक वस्तू कानाशी धरून चुरगाळायची. करकर वाजलं की पहिल्या डब्यात, खसखस वाजलं की दुसऱ्यात, मुकं राहिलं की तिसऱ्यात, म्हणजे जाळायला. मुकादम आधी हसला, मग बाकीच्यांना म्हणाला, "शिका जरा हिच्याकडून." चौदा वर्षांत तो कान फारसा चुकला नव्हता.

पण सुपरमार्केटच्या टोमॅटोच्या ट्रेनं तिच्या नाकी नऊ आणले. ट्रे कसा? पारदर्शक, करकरीत, वितळवून पुन्हा नवा ट्रे होईल असा. आणि त्याच्या बुडाला कागदी लेबल असं चिकटवलेलं की विचारू नका. नखानं ओढा, निम्मं फाटतं. सुरीनं खरवडा, कागद निघतो आणि डिंक राहतो. असा ट्रे कारखान्यात वितळला की सगळा माल पिवळा पडतो. कारखान्यानं ट्रेचे लागोपाठ दोन गठ्ठे परत पाठवले. मुकादमानं पट्ट्यावरच्या आठही बायकांना बोलावून सांगितलं, "महिनाअखेरचा गठ्ठा परत आला तर हा पट्टा बंद. माझ्या हातात काही नाही." आठ जणींत एकीला सहावा महिना लागलेला, दोघी एकट्यानं संसार ओढणाऱ्या.

"बंद कसा होतो, बघतेच," कानवाली म्हणाली.

आणि तिनं पहिल्यांदा जे केलं ते तिच्याच अंगाशी आलं. तिनं पिंपभर कडकडीत पाणी करवलं आणि ट्रे त्यात बुडवले. लेबलं सुटली, हे खरं. पण ट्रे वेडेवाकडे झाले, आणि गरम पाण्यातून निघालेला ट्रे करकर वाजायचा बंद झाला! हिला आपल्या कानाचा केवढा भरवसा! अर्धा दिवस एकेक ट्रे कानाशी धरून, मुका आहे म्हणून, तिनं चांगला माल जाळायच्या डब्यात टाकला. पोटुशीनं तो डबा उपसून दाखवला तेव्हा कुठं बाईंच्या लक्षात आलं. "चुकलं माझं," ती म्हणाली, आणि पिंप स्वतःच्या हातांनी उपडं केलं.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा धाकटी जाऊ टोमॅटो चिरत होती. धाकटी त्याच सुपरमार्केटच्या मागच्या खोलीत पॅकिंग करायची. दोघी एका छपराखाली राहायच्या, एका ओट्यावर स्वयंपाक करायच्या, पण कामाचं घरी आणायचं नाही असा सासूबाईंचा दंडक, त्यामुळे एकीच्या कामाचं दुसरीला काही ठाऊक नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. थोरलीनं ओट्यावरचा रिकामा ट्रे उचलला, उलटा केला आणि बघतच राहिली.

"हे लेबल कोण चिकटवतं गं?"

"कोण म्हणजे? आम्ही चौघी. पण माझं लेबल कधी सुटत नाही हं, जाऊबाई. मॅनेजरसुद्धा म्हणतात."

"सुटत नाही? अगं भवाने, सुटत नाही म्हणूनच तर आमच्या पोटावर पाय येतोय!"

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. थोरलीला लगेच वाईट वाटलं, पण तिनं ते दाखवलं नाही, ट्रे पुढे सरकवला आणि म्हणाली, "कसं बांधता ते करून दाखव."

धाकटीनं दाखवलं. टोमॅटोवर पातळ प्लास्टिकची फिल्म ताणायची, दोन्ही टोकं ट्रेखाली दुमडायची. टोकं एकमेकांना पोचत नाहीत, मध्ये दोन बोटं बूड उघडं राहतं. टोकं सुटू नयेत म्हणून त्या उघड्या जागेवर लेबल मारायचं.

"आणि फिल्म चार बोटं जास्त घेतली तर?"

"तर टोक टोकावर चढेल."

"मग लेबल फिल्मवरच बसेल, ट्रेला लागणारच नाही. ओढलं की सगळं एकदम हातात!"

"पण फिल्मचं माप ठरलेलं आहे, जाऊबाई. शिवाय तेवढं प्लास्टिक वाढलंच की."

"वाढू दे. चार बोटं जळतील, अख्खा ट्रे वाचेल."

सासूबाई आतून ओरडल्या, "टोमॅटो चिरताय की शिवताय?" 

दुसऱ्या दिवशी थोरली अर्धी रजा टाकून सुपरमार्केटात हजर. मॅनेजर पोरसवदा, पण बोलायला गोड. "मावशी, ट्रेवर हे तीन बाणांचं चिन्ह बघा. ट्रे पुन्हा वापरता येतो. आमच्याकडून काही कसर नाही."

"चिन्ह छापायला काय लागतं हो? हे लेबल काढून दाखवा मला."

मॅनेजर हसत हसत काढायला बसला. एक कोपरा निघाला, मग फाटला. मग हसू गेलं. भोवती चार गिऱ्हाईकं जमली, त्यातल्या एक आजी म्हणाल्या, "मी तर घरी रोज हेच करत बसते आणि शेवटी केराच्या टोपलीत टाकते." मॅनेजरनं ट्रे खाली ठेवला. "मुख्य ऑफिसला कळवतो. बघू."

बघू म्हणजे नाही, हे समजायला कानवालीला कानाची गरज नव्हती. ती भुकेली आणि रागावलेली परत आली.

पण चार दिवसांनी पट्ट्यावर एक ट्रे आला. तिनं लेबल ओढलं आणि फिल्मसकट सगळं एका झटक्यात हातात आलं. ट्रे स्वच्छ. मग दुसरा. मग दहा-बारा एकदम. "आधी हे निवडा!" ती ओरडली, "डिंकवाला एकही गठ्ठ्यात जाता कामा नये!" महिनाअखेरपर्यंत आठही जणी जेवणाची सुट्टी अर्धी करून निवडत राहिल्या. गठ्ठा लहान झाला, पण निर्मळ झाला. कारखान्याचा निरोप आला तेव्हा मुकादम शेडच्या दारातूनच म्हणाला, "घेतला! पट्टा राहिला!" पोटुशी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. कानवालीनंही डोळे पुसले.

ती आनंदानं घरी आली, तर धाकटी ओट्याशी कोमट पाण्यात हात बुडवून बसलेली. बोटं लालभडक, सुजलेली.

"हे काय?"

"काही नाही. थंडीनं."

"घरात थंडी कुठली? खरं सांग."

हळूहळू बाहेर आलं. फिल्म जास्त वापरली म्हणून मॅनेजरनं हिला पॅकिंगवरून काढून गोठवलेल्या मालाच्या खोलीत टाकलं होतं. नऊ दिवस झाले. बाकीच्या तिघींना तिनं आधीच शिकवून ठेवलं होतं, आणि त्या काही केल्या जुन्या मापावर यायला तयार नव्हत्या. "तिघींनाही काढलं तर टोमॅटो कोण बांधणार? म्हणून गप्प आहे तो," धाकटी म्हणाली.

"आणि तू मला नऊ दिवस सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गठ्ठा सोडून तिकडं भांडायला आला असता."

थोरलीच्या मनात आलं, आपल्या हट्टापायी या पोरीचे हात असे झाले, आणि आपण तिला भवानी म्हणालो. तिनं टॉवेल घेतला, धाकटीचे हात हलकेच टिपले, एकेक बोट तेलानं चोळलं.

"दुकान किती वाजता उघडतं तुमचं?"

"आठला. जाऊबाई, उगाच नका..."

"मग साडेसातला निघू. आणि मी एकटी नाही येणार. आम्ही आठही जणी येणार."